जबड्याच्या तळाशी चार ओळी

मोशोनमाड्यारोवार हे नाव एका दमात घ्यायचं तर तोंडात सगळे दात जागच्या जागी असावे लागतात, आणि हंगेरीच्या टोकाला असलेल्या आमच्या या गावात बाहेरून येणाऱ्या निम्म्या लोकांची अडचण नेमकी तीच असते. सरहद्दीपलीकडचे ऑस्ट्रियन सकाळी रिकामं तोंड घेऊन येतात आणि संध्याकाळी भरलं तोंड घेऊन जातात. इंजेक्शनने अर्धा जबडा बधिर झालेला एखादा पाहुणा टॅक्सीवाल्याला गावाचं नाव सांगायला लागला, की टॅक्सीवाला आधी काच पुसायला फडकं काढतो. गावकऱ्यांनी ही भानगड केव्हाच मिटवून टाकली आहे. ते नुसतं ‘ओवार’ म्हणतात. गावात पाव घ्यायला चार गल्ल्या चालावं लागतं, पण दाताचा डॉक्टर कुठल्याही जिन्यावर अडखळून पडलात तरी अंगावर पडतो.

एवढ्या डॉक्टरांना लागणारे दात ज्या काही लॅबमध्ये घडतात, त्यांतल्या एकीत वेन्देल बोग्नार मॉडेलं करायचे. सगळे त्यांना वेन्देलकाका म्हणत. साठीला टेकलेले, उंच, जरा पुढे वाकलेले. माणूस आहे की टेबलावरचा दिवा, असा लांबून प्रश्न पडावा.

मॉडेल म्हणजे पेशंटच्या जबड्याची हुबेहूब नक्कल. तिच्यावर ठेवूनच नवा दात घासायचा, बसवायचा, चावून बघायचा. पूर्वी डॉक्टर पेशंटच्या तोंडात लगदा भरून ठसा घ्यायचे आणि लॅबमध्ये त्यात प्लास्टर ओतलं जायचं. आता डॉक्टर तोंडात एक छोटा कॅमेरा फिरवतो आणि जबडा तारेवरून सरळ काकांच्या कॉम्प्युटरवर येऊन तरंगायला लागतो. तरंगतो, कारण त्याला बूड नसतं. ते बूड काकांनी द्यायचं. गालाची, जिभेची फालतू लोंबती टोकं कापायची, आतून पोकळ करायचं, छपाईची पातळ राळ निथळायला भोकं ठेवायची, ज्या दातावर टोपी बसायची तो दात काढता-घालता येईल असा सुटा करायचा, मागे दवाखान्याचं नाव उमटवायचं, आणि मग छपाईच्या यंत्राकडे पाठवायचं. यंत्र राळेचे थरावर थर चढवत तो जबडा उभा करतं.

हे काम काका असं करायचे, की जणू त्या जबड्याचं उद्या लग्न आहे. हिरड्यांचे काठ गोंजारून गोंजारून गुळगुळीत करायचे. बुडाचे कोपरे गोल करायचे, मग ते फार गोल झाले असं वाटून पुन्हा जरा चौकोनी करायचे.

लॅबची मालकीण बेर्नादेत, काकांना मुलगी असती तर तिच्या वयाची. ती पाठीमागे येऊन उभी राहायची.

“काका, यावर दात बसवायचाय. प्रदर्शनात नाही ठेवायचा.”

“अगं, पण बघ ना ही दाढ. किती समजूतदार दिसते.”

“समजूतदार दाढेचा मालक खुर्चीत आ वासून बसलाय, काका.”

शेजारच्या टेबलावर चिनी मातीचे दात रंगवणारा कालमान त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. तो मान वर न करता म्हणायचा, “बेर्नादेत, तू याला घाई करू नकोस. हा आईच्या पोटातून बाहेर आला तेव्हासुद्धा दाई दोनदा घरी जाऊन जेवून आली होती.”

हे अगदीच खोटं नव्हतं. काकांचं लग्न राहून गेलं होतं ते असंच. कुणी त्यांना नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. म्हणजे विचारणार होते, पण काय विचारायचं, कसं, कुठल्या कोटात, याचे कोपरे गोल करता करता प्रत्येक वेळी त्या मुलीचं बारसंसुद्धा होऊन जायचं. तिचं म्हणजे तिच्या मुलाचं.

आणि आता, या वयात, योलानबाई.

योलान सेलेश या डॉक्टर तिवदर यांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायच्या. लॅबमधून खोकं आलं की फोडायचं, मॉडेलं मोजून आत द्यायची, हे काम त्यांचं. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. हसायला लागल्या की आतल्या खुर्चीतले पेशंटही विनाकारण हसायचे आणि डॉक्टरांच्या हातातलं यंत्र घसरायचं. नदीकाठच्या त्यांच्या घराला पिवळा सज्जा होता. गावात तसा दुसरा नाही. वेन्देलकाका खोकं घेऊन स्वतः जायचे. लॅबमध्ये त्या कामाला माणूस होता, पण तिवदर यांच्या खोक्याला त्याने हात लावायचा नाही, असा अलिखित कायदा होता.

त्या वसंतात एक दिवस योलानबाईंनी पावतीवर सही करता करता सहज सांगितलं, “मुलगी मागे लागलीय हो, तिकडे ऑस्ट्रियात ग्राझला ये म्हणून. ईस्टरनंतर कळवते म्हटलंय. जावं म्हणते. इथे मला पाणी घालणारं कोण आहे?”

वेन्देलकाकांनी यावर जे उत्तर दिलं ते असं : “यात दोन वरचे आहेत आणि एक खालचा.”

बाहेर येऊन ते सायकलजवळ उभे राहिले आणि त्यांच्या ध्यानात आलं, की बाईंनी पाण्याचा शब्द काढला. ईस्टरच्या तोंडावर. आमच्याकडे ईस्टरच्या सोमवारी पुरुषांनी घरोघर जाऊन बायकांवर पाणी शिंपायचं असतं. खेड्यात बादलीने, शहरात अत्तराच्या बाटलीने. बाई म्हणजे फूल, शिंपलं नाही तर सुकेल, अशी त्यामागे कल्पना. पण नुसतं शिंपून चालत नाही. आधी दारात उभं राहून चार ओळींची कविता म्हणायची, ‘शिंपू का?’ असं विचारायचं. मग बाई मान पुढे करते, रंगवलेलं अंडं देते, घरात बोलावून हॅम आणि गोड पाव खिलवते. बहुतेक पुरुष जन्मभर तीच एक कविता म्हणतात, बापाने शिकवलेली. वेन्देलकाकांनी ठरवलं, आपण आपली करायची. आणि या सोमवारी त्या पिवळ्या सज्ज्याच्या दारात जाऊन म्हणायची. ही वेळ चुकली, तर बाई ग्राझला. संपलं.

कविता मात्र, त्यांच्या मानाने, भराभर झाली. मार्चभरात झाली.

*

अडचण कामाची होती. ईस्टरची सुट्टी म्हणजे ऑस्ट्रियनांचा दातांचा हंगाम. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात जबड्यांचा असा पूर आला, की काकांच्या पडद्यावर ते रांगेने आ वासून पडलेले असायचे. आठवडा सुरू होताच बेर्नादेतने सगळ्यांना जमवलं.

“हे बघा, गुरुवार दुपारपर्यंत मॉडेलं पोचली पाहिजेत. शुक्रवारी सुट्टी. नाही पोचली तर ईस्टरच्या सोमवारी सगळ्यांनी कामावर यायचं. मीसुद्धा.”

“सोमवारी?” कालमान ओरडला. “माझ्या तीन मेहुण्या कोरड्या राहतील त्याचं काय?”

“ते मला सांगू नकोस. वेन्देलकाकांना सांग.”

सगळे काकांकडे वळले. काकांचा चेहरा त्यांच्याच राळेसारखा झाला होता, करडा आणि ओलसर. सोमवारी काम! मार्चभर घडवलेली कविता खिशात, आणि आपण इथे कुणाच्या तरी दाढेचे कोपरे गोल करतोय!

“बेर्नादेत,” ते म्हणाले, “ते साच्याचं काय म्हणत होतीस?”

ही गोष्ट बेर्नादेत दोन वर्षं सांगत होती आणि काका दोन वर्षं ‘बघू’ म्हणत होते. कॉम्प्युटरला एकदा साचा करून द्यायचा : बूड एवढं, भिंत एवढी जाड, भोकं इथे, नाव तिथे. मग जबडे एकेक न घेता घाऊक लावायचे, आणि यंत्र तो साचा सगळ्यांना चढवत जाईल. माणसाने फक्त टोपीच्या दाताची कड तपासायची.

“अरे देवा,” कालमान म्हणाला, “कुणीतरी याचा ताप बघा.”

बेर्नादेतने खुर्ची ओढली आणि शिकवायला बसली. काकांनी अगदी निगुतीने साचा केला. आयुष्यात एकदाच बूड करायचं तर ते असं करावं, की सगळ्या जबड्यांनी नाव काढावं. कोपरे गोल केले. जरा चौकोनी केले. भोकं ठेवली. मागच्या भिंतीवर दवाखान्याच्या नावाची जागा आखली. तेवढ्यात बेर्नादेतला फोन आला आणि ती उठून गेली.

जाता जाता म्हणाली, “तळालासुद्धा अक्षरं टाकता येतात, काका. करून बघा हवं तर.”

काकांनी करून बघायचं ठरवलं. अक्षरं किती बारीक चालतील, उठून दिसतील का, ओळी किती मावतील? पण लिहायचं काय? डोक्यात दुसरं काही नव्हतंच. त्यांनी बोटं टेकवली आणि लिहिलं :

पिवळ्या सज्ज्यात एकटंच फूल,
कोरडी माती नि पाण्याची हूल.
दारात उभा मी ओंजळ भरून,
शिंपू का थोडं, की जाऊ दुरून?

मावली! चारही ओळी जबड्याच्या नालासारख्या कमानीच्या आत अशा बसल्या, की जणू देवाने जबडा त्याच मापाने घडवला होता. काकांनी मॉडेल पडद्यावर उलटं केलं, सुलटं केलं, तिरपं करून उजेडात धरलं. छान दिसत होतं. फारच छान दिसत होतं. तेवढ्यात बेर्नादेतची पावलं वाजली. काकांनी दचकून मॉडेल झटकन सुलटं केलं आणि जे बटण समोर होतं ते दाबलं. ते साचा जतन करण्याचं होतं.

“झाला साचा?”

“झाला,” काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. बेर्नादेतला वाटलं, नवीन तंत्राचा उत्साह.

*

आणि मग जे सुरू झालं त्याला ओवारच्या दंतवैद्यकात तोड नसावी.

जबडे घाऊक आत टाकायचे, बटण दाबायचं, आणि बघत राहायचं! तोंडं वासून तरंगणाऱ्या त्या अनाथांना पटापट बूड फुटायचं. एक, दुसरा, तिसरा, फट्‌ फट्‌ फट्‌. काकांनी सुटे दात तपासायचे, कड बघायची, पुढे. साठ वर्षं घोड्याचा लगाम धरून पायी चाललेल्या माणसाला एकाएकी कुणी त्याच घोड्यावर बसवून टाच मारावी, तसं त्यांचं झालं. ते खुर्चीत पुढे सरकून बसले. बाह्या वर गेल्या. मध्येच शीळ ऐकू यायला लागली.

“वेन्द्या, तू शीळ घालतोयस?” कालमानने चष्मा काढून विचारलं.

“तू दात रंगव रे! मागे पडतोयस!”

कालमानला चाळीस वर्षांत हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं, आणि वेन्देलकडून तर दोनशे वर्षांत अपेक्षा नव्हती. त्याच्या हातातली कुंचली तशीच राहिली. “बेर्नादेत! हा मला घाई करतोय!”

बुधवारपर्यंत यंत्रं तापली, राळेचे डबे रिकामे झाले, खोक्यांची थप्पी दारापर्यंत गेली. कालमान आणि बाकीचे मॉडेलं ताटल्यांवरून उचलून खोक्यांत भरत होते. वरून बघायचं, दात शाबूत, कड स्वच्छ, मागे दवाखान्याचं नाव, घाल खोक्यात. जबडा उलटा करून त्याचा तळ बघायचं कुणाला काय कारण? पाहुण्याला पाणी देताना आपण पेल्याचं बूड बघतो का?

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीच्या आत शेवटचं खोकं गेलं. तिवदर यांचंसुद्धा. काकांना स्वतः न्यायचं होतं, पण या वेळी गर्दीत खोकी वाटणाऱ्या माणसाने तेही उचललं. बेर्नादेतने डब्यातला पालक सगळ्यांना वाटला, कारण त्या गुरुवारी आमच्याकडे हिरवं खायचं असतं, आणि हिरव्या दातांनी सगळे हसत होते. वेन्देलकाकांच्या खांद्यावर थापा पडत होत्या. सोमवार मोकळा होता! सगळं जग मोकळं होतं!

मग फोन वाजला. बेर्नादेतचे हात खरकटे होते, म्हणून तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. चर्चजवळच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई होती.

“बेर्नादेत, अगं किती गोड! दरवर्षी कॅलेंडर पाठवता त्यापेक्षा हे कितीतरी छान. कुणी लिहिली?”

“काय लिहिली?”

“कविता गं! जबड्याखालची. आमच्या याला पाठ करायला लावतेय. लग्नापासून दर ईस्टरला तेच एक तुणतुणं वाजवतो. सगळ्या मॉडेलांना हीच आहे का वेगवेगळ्या आहेत?”

बेर्नादेतने हळूच वळून पाहिलं. कालमानने ताटलीवर राहिलेलं एक खराब मॉडेल उचललं, उलटं केलं, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘पिवळ्या सज्ज्यात’ एवढं म्हणून तो थांबला. गावात पिवळा सज्जा कुणाचा, हे ओवारमध्ये पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे.

“वेन्द्या,” तो म्हणाला, “तू हे अख्ख्या गावाच्या जबड्यावर छापलंस?”

वेन्देलकाकांची खुर्ची गोल गोल फिरत होती. ते तिच्यात नव्हते.

*

सायकलवरून इतक्या वेगाने जाताना काकांना कुणी पाहिलं नव्हतं. बेर्नादेतने त्यांच्यामागे ओरडून सांगितलं, “काका, टोपी!” पण टोपी तोवर रस्त्यात होती.

रस्त्यात लागला म्हणून पहिल्या दवाखान्यात ते धापा टाकत शिरले. “ती मॉडेलं... परत... जरा चूक...”

“चूक कसली?” तिथले तरुण डॉक्टर खुशीत म्हणाले. “कड एकदम बरोबर बसतेय. फक्त काका, एक विचारू? ती ‘हूल’ नीट बसत नाही. ‘फूल’ आलं म्हणून ‘हूल’ आणलीत ना?”

“आणली,” काका कबूल झाले.

“तरीच. पण बाकी झकास. मी मैत्रिणीकडे म्हणणार आहे.”

दुसरीकडे मदतनीस मुली कविता भिंतीवर चिकटवत होत्या. तिसरीकडे एक जाडजूड ऑस्ट्रियन आजोबा खुर्चीतून मान बाहेर काढून, माझ्या जबड्यावर काय लिहिलंय ते मला भाषांतर करून सांगा, नाहीतर मी सही करणार नाही, म्हणून हटून बसले होते. डॉक्टरने ते सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ‘एकटंच फूल’ म्हणजे आपल्या तोंडात उरलेला एकमेव सुळा, असं त्यांनी समजून घेतलं होतं.

काका शेवटी तिवदर यांच्या दारात पोचले तेव्हा योलानबाई टेबलाशी बसल्या होत्या. समोर खोकं. फोडलेलं. आणि त्यांच्या हातात एक खालचा जबडा होता. सुलटा.

सुलटा म्हणजे आत्ता सुलटा. मघाशी? काकांना काही कळेना.

“या,” योलानबाई म्हणाल्या. “यंदा तुमची मॉडेलं फार चटकन आली हो, वेन्देल. काय झालं काय?”

“साचा,” काका म्हणाले.

“बरं झालं. वेळेवर आलेलं बरं असतं.” त्यांनी जबडा खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं. “काही हवं होतं का?”

“नाही. म्हणजे. पावती.”

“ती तुमच्या माणसाने मघाशीच नेली.”

“हो. तेच बघायला आलो.”

बाहेर येऊन त्यांनी सायकल घेतली आणि बऱ्याच अंतरापर्यंत ती हातात धरून चालले. ती चालवायची असते हे विसरून.

*

शुक्रवार, शनिवार, रविवार काकांनी एकच गोष्ट केली : बाईंनी वाचलं असेल की नसेल, याच्या दोन्ही बाजू गोल केल्या. नसेल वाचलं, तर कविता ताजी आहे, म्हणायची. वाचलं असेल, तरी म्हणायचीच, कारण दुसरी करायला आणखी एक मार्च लागेल, आणि तोवर ग्राझ. दोन्ही वाटा शेवटी त्याच दाराशी जात होत्या. ईस्टरच्या सोमवारी ते कोट घालून, अत्तराची बाटली खिशात टाकून बाहेर पडले.

पण सरळ नदीकाठी कसं जाणार? ओळखीच्या बाईच्या दारावरून न शिंपता पुढे जाणं म्हणजे, बाई, तू सुकलीस तरी मला चालेल, असं सांगणं. शेजारच्या बोरबालामावशी खिडकीत टपूनच होत्या. ऐंशीच्या पुढच्या. काकांनी त्यांच्यासाठी बापाची जुनी कविता म्हटली.

“शी! काय रे ही शिळी!” मावशी म्हणाल्या. “मघाशी माझ्या कवळीचा डॉक्टर येऊन गेला. त्याने कसली म्हटली ठाऊक आहे? पिवळ्या सज्ज्यात एकटंच फूल...” आणि मावशींनी हातवारे करून चारही ओळी म्हणून दाखवल्या. “मला सज्जा नाही, आणि होता तो पडला, पण ऐकायला कसं बरं वाटलं! शिंप आता. आणि फळांच्या दारूचा एक घोट घेऊन जा.”

पुढच्या घरी त्यांना बघून बाई म्हणाली, “तुम्हीसुद्धा पिवळा सज्जा? चौथे आहात!” त्याच्या पुढच्या घरी जिन्यातूनच एका पुरुषाचा खणखणीत आवाज ऐकू आला, ‘दारात उभा मी ओंजळ भरून’, आणि मागून बाईचा, “नुसता उभा काय राहिलास, फरशी ओली झाली की!” बेर्नादेतच्या घरी तिचा नवरा अंगणात उभा होता आणि बेर्नादेत त्याला विचारत होती, “आपल्याला सज्जा कुठे आहे?”

“कवितेत असतो,” नवरा म्हणाला.

“आणि जाऊ दुरून म्हणजे? कुठे जाणारेस तू?”

काकांना बघितल्यावर दोघांनाही हसू आवरेना. बेर्नादेतने त्यांना पेला दिला, अंडं दिलं, आणि हलकेच विचारलं, “काका, नदीकडे गेलात का?”

“निघालोय.”

“मग इथे काय करताय? साचा वापरा!” ती म्हणाली. “एकदम घाऊक! पळा!”

काका पळाले. घरोघरच्या पेल्यांनी रस्ता जरा मऊ झाला होता आणि चर्चचा मनोरा मान डोलावत होता. वाटेत झाडाखाली एक पोलीस दुसऱ्या पोलिसाला ‘हूल’चा अर्थ समजावत होता. मार्चभर एकेक शब्द घासून केलेली कविता गल्लीगल्लीतून, खिडक्याखिडक्यांतून त्यांच्यापुढे धावत होती. सगळं गाव शिंपून झालं होतं तिने. एकच दार राहिलं असेल, असं काकांना वाटलं.

ते पिवळ्या सज्ज्याखाली पोचले तेव्हा डॉक्टर तिवदर पायऱ्या उतरत होते.

“अरे वेन्देल! काय कविता केलीयस रे! आत्ताच म्हणून आलो.”

योलानबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या केसांना अत्तराच्या दुकानाला आग लागावी तसा वास येत होता. चेहऱ्यावर हसू होतं का नव्हतं, ते मात्र ओळखू येत नव्हतं.

“डॉक्टर, डॉक्टरांचा मेहुणा, वरचा भाडेकरू, पोस्टमन आणि पोस्टमनचा बाप,” त्या म्हणाल्या. “एवढ्या जणांना आज माझ्या सज्ज्यातलं फूल दिसलं. तुमचं काय?”

वेन्देलकाकांनी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. पिवळ्याने सुरू करावं तर पोस्टमनच्या बापाचं उष्टं. बापाची जुनी म्हणावी तर त्याहून जुनी. ते तसेच उभे राहिले, आ वासून, बूड नसलेल्या जबड्यासारखे तरंगत.

“कवितेशिवाय पाणी नाही,” बाई म्हणाल्या. “रीत आहे.”

“मला... येत नाही दुसरी.”

“मग?”

“मग काही नाही.” काकांनी बाटली काढली, ती उघडीच होती, अर्धी कोटात सांडली होती. “योलानबाई, तुम्ही ग्राझला जाऊ नका. एवढंच होतं त्यात. बाकी सगळं यमकासाठी होतं.”

योलानबाई म्हणाल्या, “मी गुरुवारीच वाचली होती. डॉक्टरांच्या आधी. आणि आज सकाळपासून खिडकीत उभी आहे. पोस्टमनचा बाप आला, पण ज्याची आहे तो काही येईना.”

“वाटेत मावश्या होत्या,” काका म्हणाले.

आता मात्र त्या हसल्या. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू विनाकारण हसायला लागला. “आत या. हॅम खा. पण आज मी पुरती भिजलेय, वेन्देल, एक थेंब मावेल इतकीही जागा नाही. आणि कविता तुम्ही म्हटलीच नाहीत. तेव्हा शिंपायचं राहिलं. ते कसं फेडायचं ते मी बघते.”

काका बराच वेळ हॅम खात होते. ग्राझचा विषय निघाला नाही. त्यांना तो काढायचं धाडस झालं नाही. आणि बाईंनी काढला नाही, याचा अर्थ काय, हे त्यांनी घरी येऊन रात्रभर गोल केलं.

*

मंगळवारी सकाळी लॅब उघडली आणि पडद्यावर जबड्यांची नवी रांग लागली. काकांनी साच्यातून चार ओळी काढून टाकल्या होत्या. कालमान म्हणाला, “ठेव रे, पुढच्या वर्षीची आत्ताच लिही, वेळेवर होईल.” तेवढ्यात दार उघडलं.

योलानबाई होत्या. बाहेर जायचा हिरवा कोट, ओठांना रंग, आणि कोटाखाली काहीतरी जड धरलेलं. सगळी लॅब थांबली. कालमानची आजी खेड्यातली होती, त्यामुळे पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं, की सोमवार पुरुषांचा असला तरी जुन्या रीतीप्रमाणे दुसरा दिवस बायकांचा असतो.

“बेर्नादेत!” तो किंचाळला. “यंत्रं झाका!”

बाईंनी कोट बाजूला केला. सोड्याचा सायफन होता, खटका दाबला की फवारा मारणारा, काचेचा, जुना, भरलेला.

“माझ्या मुलीला काल रात्री फोन केला,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “सांगितलं, इथे एक झाड आहे. लावून साठ वर्षं झाली, अजून कुणी पाणी घातलेलं नाही. ते टाकून मी कुठे येऊ? आता सांगा, वेन्देल, शिंपू का?”

वेन्देलकाका उठून उभे राहिले. त्यांनी काही गोल केलं नाही, काही चौकोनी केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी क्षणाचाही वेळ लावला नाही.

“शिंपा!”

कपाळापासून सुरुवात झाली. चष्मा गेला, मिशा फेसाळल्या, कोट, बाह्या, खुर्ची, कळफलक, पडद्यावरचे ऑस्ट्रियन, सगळ्यांवर सोडा सळसळत उडाला. बेर्नादेत छपाईच्या यंत्रावर आडवी पडली होती, कालमान आपल्या रंगवलेल्या दातांवर छत्री धरून ‘इकडे नको, इकडे नको’ म्हणत नाचत होता, आणि काका मध्यभागी हात पसरून उभे होते, डोळे मिटून, हसत. कॉम्प्युटरने एक उचकी दिली आणि पडदा काळा झाला.

तशात फोन वाजला. चर्चजवळची डॉक्टरीणबाई. पेशंट खुर्चीत बसलाय, मॉडेल कुठंय?

बेर्नादेतने यंत्रावरून न उठताच फोन कानाला लावला.

“आज उशीर होईल हो,” ती म्हणाली. “आमचा माणूस ओला आहे.”